ट्राममध्ये तू विचारलं होतंस

हेम्या,

तुझ्या निरोपाच्या वेळी मी बोललो आणि लोक हसले. तुझी केतकी आधीच म्हणाली होती, "सुहास, तूच बोल, माझ्याच्याने व्हायचं नाही." म्हणून उभा राहिलो. इथल्या क्रिमेटोरियममध्ये वेळ ठरवून दिलेली असते. आपल्या आधीचं कुटुंब बाजूच्या दाराने बाहेर पडत होतं, नंतरचं पार्किंगमध्ये गाड्यांत बसून होतं. तेवढ्या वेळात मी तुझे दोन किस्से सांगितले. गणपतीत माझी आरती ऐकून तू तबला थांबवला होतास तो, आणि ड्रायव्हिंग टेस्ट संपल्यावर परीक्षकाला "तुम्हाला कुठे सोडू?" असं विचारलं होतंस तो. तुझ्या ऑफिसातली मंडळी डोळे पुसत हसली. बाहेर आल्यावर तुझ्या मॅनेजरने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, कॅन्सर रिसर्चमधला जिवलग मित्र होता त्याला, किती नशीबवान.

मी थँक यू म्हणालो.

ते थँक यू अजून टोचतंय. म्हणून हे लिहितो. यातलं बरंचसं तुला माहीत होतं, हे आता मला कळलंय. तरी पूर्ण वाक्यात, तुझ्या तोंडावर, मी ते एकदाही बोललो नाही.

मी काय काम करतो हे तुला पहिल्यांदा नीट सांगितलं ते तुमच्या किचनमध्ये, रविवारी सकाळी. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा वाटाण्याएवढा तुकडा हॉस्पिटलमधून आमच्याकडे येतो. तो बारीक करायचा, पेशी सुट्या करायच्या, जेलीसारख्या पदार्थाच्या थेंबांत त्या ठेवायच्या आणि त्यांना हवं ते सगळं पुरवायचं. ऊब, साखर, वाढीला लागणारी रसायनं. काही आठवड्यांत त्या थेंबांत बारीक गोळे दिसू लागतात. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. त्या माणसाच्या गाठीची जणू छोटी नक्कल. मग त्या गोळ्यांवर औषधं घालायची आणि बघायचं, कशाने मरतात, कशाने मरत नाहीत. तू पोहे खाता खाता ऐकत होतास. शेवटी म्हणालास, "म्हणजे तू माळी आहेस बे. लोक तण उपटून राहिले, तू लावून राहिला."

केतकी हसली. मला राग आला होता. तुझ्यावर रागावणं किती सोपं होतं. नागपूरचा माणूस, आवाज कायम वरच्या पट्टीत, आणि मत नाही अशी गोष्ट जगात नाही. मी पुण्याचा, मनात ठेवून कुढणारा. मॅंचेस्टरमध्ये आपण दोघं मंडळाच्या गणपतीत भेटलो नसतो तर एकमेकांच्या वाटेला गेलो नसतो.

आणि तरी बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिला फोन तुला केला. तू काहीही विचारलं नाहीस. गाडी घेऊन आलास, माझ्या कपाटातले कपडे बॅगेत कोंबलेस आणि मला हीथ्रोला नेलंस. सगळा रस्ताभर तू तुझ्या गाडीच्या गिअरबॉक्सबद्दल बोलत होतास. तो कसा खराब झाला, गॅरेजवाल्याने तुला कसं गंडवलं, तू त्याला काय सुनावलंस. मी एक शब्द बोललो नाही आणि तुला त्याचं काही वाटलं नाही. पुण्यात पोचल्यावर कळलं की तू बॅगेत माझा लॅबचा पांढरा कोटही भरला होतास. बाबांच्या दहाव्याच्या दिवशी तो कोट हातात घेऊन मी हसलो, आणि मग मला रडता आलं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला वाटलं असतं मी कोटाबद्दल तक्रार करतोय.

तुझं निदान झालं तेव्हा मला तुझ्यासाठी तसा गिअरबॉक्स सापडला नाही. मोठ्या आतड्यात गाठ. ऑपरेशनची तारीख मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी तुझा फोन आला. हॉस्पिटलमधली रिसर्च नर्स भेटून गेली होती. काढलेल्या गाठीतला थोडा भाग संशोधनासाठी देणार का, असं तिने विचारलं होतं.

"तुमचीच लॅब का बे?"

"बहुतेक आमचीच," मी म्हणालो. "हो. आमचीच असणार. अरे, तू हो म्हटलंस तर फारच चांगलं होईल. तरुण पेशंटचे नमुने आम्हाला फार कमी मिळतात, आणि तुझी गाठ ज्या जागी आहे ना, तिथले तर..."

तू मला बोलू दिलंस. मी बराच वेळ बोललो असणार. मग तू शांतपणे म्हणालास, "तुझा आवाज बदलला बे सुह्या. तू खूश होऊन राहिला."

मी म्हणालो, काहीतरी काय. तू म्हणालास, "असू दे. मी पण नवीन प्रोजेक्ट आला की असाच होतो. दिलं तुला. एवीतेवी कचऱ्यातच जाणार होतं."

तू विषय हसण्यावारी नेलास, पण बरोबर पकडलं होतंस. तुला कॅन्सर झाला होता, आणि क्षणभर मी खूश झालो होतो.

नमुन्यांवर आमच्याकडे नाव नसतं, फक्त कोड असतो. पण तुझं ऑपरेशन कधी आहे हे मला माहीत होतं, म्हणून मी आमच्या प्रमुखांना, हेलनला, जाऊन सांगितलं. माझा जवळचा मित्र आहे, या कामातून मला दूर ठेव. ती म्हणाली, सांगितलंस ते बरं केलंस. तो नमुना फिओनाकडे दिला. फिओना ग्लासगोची, आमच्या लॅबमधली सगळ्यात हलक्या हाताची मुलगी. इन्क्युबेटर मात्र एकच. हेलनने मला सांगितलं, वरच्या कप्प्यातल्या डावीकडच्या ट्रेला तू हात लावू नकोस. तुझा ट्रे कुठला, हे कळायला मग शास्त्रज्ञ असायची गरज उरली नाही.

हात नाही लावला. पण एकदा फिओना तो ट्रे मायक्रोस्कोपखाली ठेवून फोनवर बोलायला बाहेर गेली आणि मी वाकून पाहिलं. हेम्या, ते सुंदर होते. गोल, नितळ, मधे पोकळी, कडेला उजेडाची रेघ. इतके टवटवीत गोळे मी वर्षभरात पाहिले नव्हते. बाकीच्यांचे नमुने रुसून बसतात, मरून जातात, आम्ही हळहळतो. तुझे नुसते फोफावत होते. माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं. मग मी कशाला वा म्हणालो ते कळलं आणि सिंकपाशी जाऊन उगाच हात धूत राहिलो.

इकडे तुझी किमो सुरू झाली होती. ऑपरेशन छान झालंय, पण कुठे काही पेशी लपून राहिल्या असतील तर त्या मारायच्या, असं तुला डॉक्टरांनी सांगितलं होतं. एक औषध सलाइनमधून, दुसरं गोळ्यांचं. सलाइनमधून जायचं त्या औषधाने तुझे हात धरले. सुरुवातीला फक्त गार लागलं की बोटांत करंट गेल्यासारखं व्हायचं. फ्रिजमधून दूध काढायचं तर केतकीला हाक. मग बोटांची टोकं बधिर होऊ लागली. तू विनोद करायचास, म्हणायचास, आता रेवाला मारलं तरी मलाच कळणार नाही. जन्मात पोटच्या पोरीवर हात न उचललेला माणूस. पण एका शनिवारी मी आलो तेव्हा तू तबल्यावर बसला होतास आणि रेवा समोर. तिला तू तिरकिट दाखवत होतास आणि बोट मधल्या काळ्या शाईवर नेमकं पडत नव्हतं. तू परत वाजवलंस, परत चुकलं. बारा वर्षांची ती, तिने पटकन स्वतःच वाजवून दाखवलं, चुकीचं, मुद्दाम, म्हणजे तुला तिची चूक काढता येईल. तू काढलीस. दोघंही एकमेकांना सांभाळत होता आणि मी दारात उभा होतो.

त्यानंतरच्या आठवड्यात लॅब मीटिंग होती. फिओनाने पडद्यावर आलेख दाखवले. औषधाचा डोस वाढत जातो तशा पेशी मरत जातात, म्हणून रेघ उतरत यायला हवी. बहुतेक नमुन्यांची उतरत होती. एकाची सरळ गेली होती, पठारासारखी. त्या औषधाचा त्या गोळ्यांवर काही म्हणजे काही परिणाम नव्हता. खाली कोड होता, आणि तो कोड त्या ट्रेवर होता.

मी उठून बाहेर गेलो नाही. तसं केलं असतं तर आज थोडं बरं वाटलं असतं. मी तिथे बसलो, आणि वर एक प्रश्न विचारला. औषधाची बाटली जुनी नव्हती ना? फिओना म्हणाली, नव्हती, बाकीच्यांनाही तीच वापरली. मी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिल्यासारखं केलं.

मग हेलनकडे गेलो. तिने दार लावून घेतलं आणि माझं सगळं ऐकलं. तिची बाजू मांडायला हवी, कारण ती चुकीची नव्हती. ती म्हणाली, "सुहास, ही डिश आहे, माणूस नाही. यात रक्त नाही, लिव्हर नाही, प्रतिकारशक्ती नाही. एकदाच केलेला प्रयोग आहे. यावर विसंबून एखाद्याने उपचार सोडले आणि आपण चुकलो असलो तर?" मी म्हणालो, आणि बरोबर असलो तर? तिने वही पुढे ओढली. मग म्हणाली, एथिक्स कमिटीला विचारते. तिने विचारलंही. उत्तर आलं, या अभ्यासाचे निकाल पेशंटला द्यायचे नाहीत, असंच पेशंटकडून मान्य करून घेतलेलं आहे, तेव्हा नाही.

ते उत्तर आलं त्याच आठवड्यात तू मला ट्राममध्ये विचारलंस.

तू क्लिनिकमधून आला होतास, मी लॅबमधून. सेंट पीटर्स स्क्वेअरला ऑल्ट्रिंचमची ट्राम पकडली. बसायला जागा नव्हती. उभं राहून धरायचा दांडा धातूचा, म्हणून तू त्याच्याभोवती कोपर अडकवलं होतंस. बाहेर मार्चचं ऊन होतं आणि तुझ्या हातात लोकरी हातमोजे.

"डॉक्टर म्हणे, बोटं अशीच होत राहिली तर हे औषध बंद करता येईल," तू म्हणालास. "गोळ्या चालू ठेवायच्या फक्त. पुढचे डोस घ्यायचे का नाही, तुम्ही ठरवा म्हणे."

"मग?"

"मग काय, तुला विचारून राहिलो नं. घेतले तर बोटं कदाचित कायमची जातील. नाही घेतले आणि तो परत आला, तर स्वतःला काय सांगू? तबल्यासाठी मेलो?"

मी खिडकीबाहेर बघत होतो.

"सुह्या, तुमचे नियम मला माहीत आहेत. मला तुझे रिझल्ट-बिझल्ट नको. एवढंच सांग, माझ्या जागी तू असता तर काय केलं असतं?"

ट्रॅफर्ड बारला दारं उघडली. काही लोक उतरले, काही चढले. एका बाईची प्रॅम आत घ्यायला मी मदत केली, गरजेपेक्षा जास्त वेळ लावून. दारं बंद झाली. तू अजून माझ्याकडेच बघत होतास.

"उरलेत थोडेच," मी म्हणालो. "घेऊन टाक."

तू मान हलवलीस. मग आपण क्रिकेटबद्दल बोललो.

मी तसं का म्हणालो, याची मी स्वतःला पुष्कळ उत्तरं दिली आहेत. नियम होता. डिश चुकू शकते. तुझ्या डॉक्टरपेक्षा मी शहाणा नाही. सगळी खरी आहेत. पण त्या खालचं उत्तर असं आहे: 'घे' म्हणून चुकलो असतो तर ती औषधाची चूक ठरली असती. 'थांब' म्हणून चुकलो असतो तर ती माझी. मी माझ्यासाठी सोपं होतं ते उत्तर दिलं आणि किंमत तुझ्या बोटांनी मोजली. गप्प राहायची सक्ती होती मला, हेम्या. 'घेऊन टाक' म्हणायची सक्ती कुणी केली नव्हती.

तू उरलेले सगळे डोस घेतलेस. शेवटच्या डोसनंतर तुला शर्टाची बटणं लावता येईनात. जून संपता संपता स्कॅन झाला आणि लिव्हरमध्ये डाग दिसले. तू फोनवर सगळं व्यवस्थित सांगितलंस, ऑफिसातला रिपोर्ट वाचल्यासारखं. मग थांबलास.

"तुला माहीत होतं," तू म्हणालास.

त्यात प्रश्नचिन्ह नव्हतं. मी काही बोललो नाही. तू थोडा वेळ वाट पाहिलीस आणि फोन ठेवलास.

त्यानंतर कितीतरी दिवस तू माझा फोन उचलला नाहीस. मी केतकीला मेसेज करायचो, ती 'ठीक आहे' एवढंच लिहायची. मग ऑगस्टमध्ये तुझाच फोन आला. "तबल्याचा सूर उतरलाय, रेवाला लावता येत नाही, माझ्या हातात हातोडी राहत नाही. ये."

आलो. तू सोफ्यावर, अंगावर पांघरूण, किती बारीक झाला होतास. "तो लाकडी गठ्ठा खाली ठोक. हळू. लाकूड फोडून राहिला का बे?" असं ओरडत तू माझ्याकडून तबला लावून घेतलास. मला सूर कळत नाही हे तुला माहीत होतं, तरी रेवाला न बोलावता मलाच ठोकायला लावलंस. तो झाल्यावर तू डोळे मिटून म्हणालास, "आमच्या कामात बग दिसला नं, तर आम्ही क्लायंटला सांगतो. सगळं टेस्टिंग संपायची वाट नाही पाहत."

"आणि बग खोटा निघाला तर?"

"तर शिव्या खातो."

"क्लायंट तोवर सगळी सिस्टीम बंद करून बसला असेल तर?"

"ती त्याची सिस्टीम आहे नं. त्याला ठरवू दे."

"सगळेच तुझ्यासारखे नसतात, हेम्या. अर्धवट माहितीवर माणूस काय करेल, सांगता येत नाही."

"मी सगळ्यांबद्दल बोलून नाही राहिलो."

मी हातोडी खाली ठेवली. तू डोळे उघडलेस आणि हसलास. "समजा तू सांगितलं असतं आणि तुझी डिश चुकली असती, तर मी तुला जन्मभर शिव्या घातल्या असत्या. आता थोडेच दिवस घालाव्या लागतील. फायद्यात आहेस."

मी हसलो. तुला तेच हवं होतं म्हणून हसलो. तू माफ केलं असं म्हणाला नाहीस, मी विचारलं नाही. तो वाद तिथेच राहिला. तुझं उत्तर चुकीचं होतं असं मला आजही ठामपणे सांगता येत नाही, माझं बरोबर होतं असं तर मुळीच नाही.

शेवटच्या दिवसांत, हॉस्पिसमध्ये, तू मला तुझी नखं कापायला लावायचास. तबलजीची सवय, नखं वाढलेली तुला सहन होत नसत. मी एकेक बोट धरून कापायचो आणि तू दर वेळी विचारायचास, "कापलं का? कळत नाही." एका दुपारी मी ठरवून आलो होतो. आज बोलायचं, आलेखाबद्दल, ट्रामबद्दल, सरळ सगळं. अंगठा झाला, पुढचं बोट झालं. मी म्हणालो, "हेम्या, त्या दिवशी ट्राममध्ये..." तेवढ्यात चहाची ट्रॉली घेऊन बाई आल्या, इथल्या पद्धतीने लाडाने "लव्ह, टी हवा का?" म्हणाल्या. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "याला द्या. याचा घसा सुकलाय."

मी चहा घेतला. उरलेल्या बोटांची नखं कापली. आपलं शेवटचं बोलणं नखांबद्दल होतं.

आता यानंतरचं सांगतो, ते तुला माहीत नाही.

फिओना बाळंतपणाच्या रजेवर जातेय. हेलनने मला बोलावून विचारलं, तुझ्या त्या ऑर्गनॉइड गोळ्यांचं काम मी घेईन का. त्या औषधाला दाद देत नाहीत, म्हणूनच ते आता महत्त्वाचे आहेत. दोन नवी औषधं एकत्र करून त्यांच्यावर बघायची आहेत. दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं खाद्य बदलावं लागतं, वाढून गर्दी झाली की मोडून नव्या थेंबांत लावावे लागतात. मी म्हणालो, विचार करून सांगतो. आणखी एक गोष्ट तिने सांगितली. पुढच्या अभ्यासात पेशंटला सुरुवातीलाच विचारायचं, असं तिने कमिटीला सुचवलंय: आम्हाला काही दिसलं, अर्धवट असलं, तरी तुम्हाला कळायला हवं आहे का? कमिटीने अजून काही कळवलेलं नाही. तुला हा एक प्रश्न कुणी विचारला असता तर तू प्रश्न पुरा व्हायच्या आधी हो म्हणाला असतास.

तुझं ते काम हातात घ्यायच्या आधी केतकीला भेटायला हवं होतं. शनिवारी गेलो. ती किचनच्या टेबलाशी बसली होती, समोर कोथिंबीर निवडायला घेतलेली. मी सगळं सांगितलं. आलेख, हेलन, कमिटी, ट्राम. 'घेऊन टाक' सुद्धा. तिने मला मधे थांबवलं नाही. मला वाटलं, आता ती म्हणेल, ऊठ आणि जा.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "त्याने त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं."

"काय सांगितलं?"

"म्हणाला, सुह्याला विचारलं तर तो खिडकीतून बाहेर बघत बसला. हे औषध त्यांच्या लॅबमध्ये काम नाही करून राहिलं." ती काड्या मोडत राहिली. "तो थांबणार होता, सुहास. मी नाही थांबू दिलं. मी म्हणाले, ती डिश आहे, चुकली असेल तर? रेवाकडे बघ म्हणाले. मी त्याला घ्यायला लावले ते डोस."

मी पुढ्यातली एक काडी उचलून निवडू लागलो.

"तेव्हा तू एकट्याने ते घेऊन बसू नकोस," ती म्हणाली. "त्यात माझंही आहे."

घरी येताना मला वाटलं होतं, आता हलकं वाटेल. नाही वाटलं. उलट एक गोष्ट नव्याने कळली, आणि ती जास्त लागली. माहिती तुझ्याकडे होती. तू ती माझ्या तोंडावरून वाचलीच होतीस. फोनवर 'तुला माहीत होतं' म्हणून थांबलास तेव्हा, तबला लावून घेतलास तेव्हा, तुला काही नवीन कळायचं नव्हतं. तुला ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. तू घाबरला होतास आणि ते ओझं उचलायला तुला दुसरं टोक धरणारा कुणीतरी हवा होता. हीथ्रोच्या रस्त्यावर तू माझं धरलं होतंस. मी तुझं धरलं नाही.

निघायच्या आधी मी केतकीला लॅबमधल्या त्या गोळ्यांचं विचारलं होतं. तिला नको असेल तर मी हेलनला सांगून माझ्यापुरतं तरी नाही म्हणेन. तिने निवडलेली कोथिंबीर डब्यात भरली. "त्याने दिलंय ना, मग वाढव," ती म्हणाली. "फक्त ते कसे आहेत, ते मला कधी सांगू नकोस."

रेवा दारात उभी होती. किती वेळ ऐकत होती कोण जाणे. तुझ्यासारखीच आहे, आडून विचारणं तिला येत नाही.

"काका, ते गोळे, ते बाबा आहे का?"

"नाही गं. बाबाला जे झालं होतं ना, ते आहे."

"म्हणजे तो... that's what killed him?"

"हो."

तिने भुवया आखडल्या. "मग तू त्याला खायला का देतो? Why are you looking after it?"

केतकीने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पोरीला समजेल असं गोड काहीतरी सांगता आलं असतं. मी जरा वाकलो, तिच्या उंचीवर आलो.

"कारण ते कशाने मरतं, हे मला अजून माहीत नाही," मी म्हणालो.

ती दारातून आत आली. मग म्हणाली, "कळला की मला सांगशील? नंतर नाही. जेव्हा कळेल तेव्हाच. जरी तुला शुअर नसला तरी."

मी हो म्हणालो, हेम्या. कुणाचीही परवानगी न विचारता.

सुहास